अमेरिकेतील जुन्या ओंडक्यांच्या घराची नोंद कशी करावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेनसिल्व्हेनिया, व्हर्जिनिया, टेनेसी, केंटकी या भागांत स्थायिक झालेली मराठी कुटुंबे आणि वास्तुरचनेच्या शिक्षणासाठी तिकडे गेलेले विद्यार्थी यांच्याकडून सातत्याने येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्राथमिक प्रश्न आधी आणि अडचणीचे नंतर, असा क्रम ठेवला आहे. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात सविस्तर आला असेल, तर तेथे केवळ त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. लॉग केबिन आणि लॉग हाउस हे एकच ना?

पूर्णपणे नाही. गोल, कित्येकदा सालीसकट ठेवलेल्या ओंडक्यांची, एका खोलीची, मातीच्या जमिनीची आणि काटक्या व चिखल यांनी उभारलेल्या धुराड्याची तात्पुरती वस्ती म्हणजे केबिन. दोन बाजूंनी तासून सपाट केलेले ओंडके, कोपऱ्यांत घट्ट बसवलेले सांधे, दगडी किंवा विटांचे धुराडे, माळा आणि काचेच्या खिडक्या असलेले घर म्हणजे लॉग हाउस. ते पुढे फळ्यांनी मढवण्याच्या हिशेबानेच अनेकदा बांधले जाई. जुन्या कागदपत्रांत मात्र हे दोन्ही शब्द सैलपणे वापरलेले असतात, म्हणून उतारा घेताना मूळ शब्द बदलू नये. या पानावर वाचकांच्या सवयीनुसार दोहोंसाठी ‘केबिन’ हाच शब्द वापरला आहे.

२. ही बांधणी अमेरिकेत कोणी आणली? पहिल्या इंग्रज वसाहतवाल्यांनीच ना?

हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. जेम्सटाउन व प्लिमथ येथे उतरलेल्या इंग्रजांना आडव्या ओंडक्यांची भिंत रचण्याची सवय नव्हती. ते लाकडी सांगाडा उभा करून त्यावर फळ्या ठोकत किंवा मातीने लिंपत. ही पद्धत डेलावेअर नदीच्या खोऱ्यात १६३८ मध्ये स्थापन झालेल्या ‘न्यू स्वीडन’ वसाहतीतील स्वीडिश व फिनिश लोकांनी आणली. १६५५ मध्ये डचांनी ती वसाहत घेतली, पण बांधणीची रीत टिकली. पुढे पेनसिल्व्हेनियात आलेल्या जर्मन भाषकांनी आपली ओंडकेकामाची परंपरा तीत मिसळली, आणि अठराव्या शतकात स्कॉट्स-आयरिश वसाहतवाल्यांनी ती उचलून ॲपलाचियन डोंगररांगांतून दक्षिणेकडे व पश्चिमेकडे नेली.

गैरसमजाचे मूळ बहुतांशी एकोणिसाव्या शतकातील राजकारणात आहे. १८४० च्या अध्यक्षीय निवडणुकीत विल्यम हेन्री हॅरिसन यांचा प्रचार ‘लॉग केबिन’ या चिन्हावर झाला, आणि त्यानंतर हे घर गरिबीतून वर आलेल्या सच्च्या अमेरिकनाची खूण ठरले. स्वतः हॅरिसन यांचा जन्म व्हर्जिनियातील बर्कली येथील विटांच्या प्रशस्त वाड्यात झाला होता.

३. सर्वांत जुनी केबिन कोणती?

न्यू जर्सीतील गिब्सटाउनचे नॉथनेगल लॉग हाउस आणि पेनसिल्व्हेनियात डार्बी क्रीकच्या काठी असलेली लोअर स्वीडिश केबिन यांची नावे नेहमी घेतली जातात, आणि दोन्हींचा काळ सतराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत किंवा मध्यापर्यंत मागे नेला जातो. परंपरेने सांगितलेले साल आणि लाकडाने सिद्ध केलेले साल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे लक्षात ठेवून ही यादी वाचावी. नोंद करणाऱ्याने आपल्या घराला ‘सर्वांत जुने’ म्हणण्याच्या फंदात पडू नये. त्या शब्दापायी चांगल्या अहवालांची विश्वासार्हता जाते.

४. ‘नोंद’ म्हणजे नेमके काय अपेक्षित आहे? फोटो पुरेसे नाहीत का?

अमेरिकेत याचा मापदंड ‘हिस्टॉरिक अमेरिकन बिल्डिंग्ज सर्व्हे’ने, म्हणजेच ‘हॅब्स’ने घालून दिला आहे. महामंदीत बेकार झालेल्या वास्तुरचनाकारांना काम मिळावे आणि नष्ट होत चाललेल्या इमारती निदान कागदावर तरी उराव्यात, या दुहेरी हेतूने नॅशनल पार्क सर्व्हिसमधील चार्ल्स पीटरसन यांनी नोव्हेंबर १९३३ मध्ये ही योजना मांडली. आज या आणि तिच्या भगिनी योजनांच्या संग्रहात ४०,००० हून अधिक वास्तूंची नोंद आहे आणि ती लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते. आपल्या जिल्ह्यातील केबिनची नोंद १९३० च्या दशकातच झालेली असण्याची शक्यता बरीच असते, म्हणून आधी तेथे शोध घ्यावा.

हॅब्सच्या नोंदीला तीन अंगे असतात: मोजमाप घेऊन काढलेली रेखाचित्रे, मोठ्या आकाराच्या निगेटिव्हवर घेतलेली छायाचित्रे आणि लेखी इतिहास. निगेटिव्ह किमान ४ × ५ इंच असावी आणि साहित्य ५०० वर्षे टिकेल अशा प्रतीचे असावे, असा पारंपरिक दंडक आहे. घरमालकाने इतके काटेकोर असण्याची गरज नाही. फोटो मात्र एकटे पुरत नाहीत, कारण भिंतीची जाडी, ओंडक्याचा छेद किंवा माळ्याच्या तुळईचे माप फोटोत येत नाही.

५. प्रत्यक्ष जागेवर सुरुवात कशी करावी?

काहीही झाडण्याआधी, खरवडण्याआधी आणि हलवण्याआधी. माळ्यावरची धूळ, भिंतीवर डकवलेली वर्तमानपत्रे, धुराड्यामागची काजळी, फटींतून निघालेली चिंधी हे सारे पुरावे आहेत, आणि उत्साहाच्या भरात पहिल्याच दिवशी केलेली साफसफाई सर्वांत जास्त नुकसान करते. प्रथम घराच्या चारही बाजू आणि प्रत्येक खोलीच्या चारही भिंती समोरून टिपाव्यात, चौकटीत मोजपट्टी ठेवावी आणि उत्तर दिशा नोंदवावी. मग हाताने कच्चा नकाशा काढून प्रत्येक भिंतीला अक्षर आणि खालून वर प्रत्येक ओंडक्याला क्रमांक द्यावा. ‘उत्तर भिंत, चौथा ओंडका’ असे म्हणता आले की पुढचे सारे काम सोपे होते. हे क्रमांक कागदावरच राहावेत. खडू, रंग किंवा टाचण्या लाकडाला लावू नयेत.

६. लेझर स्कॅन केला तर हाताने मोजण्याची गरज उरते का?

उरते. जुने ओंडके कधीच सरळ नसतात, घर एका कोपऱ्याला खचलेले असते, आणि अशा वाकड्यातिकड्या आकाराला स्कॅन किंवा छायाचित्रमिती (छायाचित्रांवरून मापे काढण्याची पद्धत) हाताच्या फितीपेक्षा उत्तम पकडते. पण यंत्राला पृष्ठभागाच्या आतले दिसत नाही आणि काय महत्त्वाचे हेही कळत नाही. बंद केलेल्या खिडकीची चौकट, दाराच्या बाजूच्या ओंडक्यांत ठोकलेल्या लाकडी खुंट्या, पूर्वीच्या जिन्याची खाच या गोष्टी हात फिरवून शोधाव्या लागतात. तळनकाशा पाव इंचाला एक फूट या प्रमाणात आणि कोपऱ्यांचे तपशील त्याहून मोठ्या प्रमाणात काढण्याची रीत आहे. मापे फूट-इंचांतच घ्यावीत, कारण बांधणाऱ्याचा हिशेब त्यातच होता. एका खोलीची बाजू १६ किंवा १८ फूट निघाली की तो हिशेब लगेच दिसतो.

७. कोपऱ्यातील खाच पाहून घराचे वय सांगता येते का?

नाही. हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि याचे चुकीचे उत्तरही सर्वांत जास्त फिरते.

खाचेवरून बांधणाऱ्याची परंपरा, प्रदेश, लाकूड आणि कारागिरीचा दर्जा यांचा अंदाज येतो. गोल ओंडक्याला वरून किंवा खालून अर्धगोल कोरून एकावर एक बसवतात, तो ‘सॅडल’ प्रकार. त्यात ओंडक्यांची टोके कोपऱ्याबाहेर डोकावत राहतात. ‘व्ही’ खाचेत ओंडक्याचा माथा दोन उतारांत तासून वरच्या ओंडक्याच्या पोटात तसाच त्रिकोण कोरतात; हा प्रकार पेनसिल्व्हेनियातून निघून दूरवर पसरला. ‘हाफ-डोव्हटेल’मध्ये खाचेचा माथा एका बाजूला उतरता आणि तळ सपाट असतो, सांधा निसटत नाही आणि पाणी बाहेर वाहून जाते. टेनेसी-केंटकीच्या डोंगराळ भागात तो फार दिसतो. ‘डायमंड’ खाच मुख्यतः उत्तर कॅरोलायना आणि लगतच्या व्हर्जिनियातील मर्यादित पट्ट्यात आढळते.

पण यांपैकी प्रत्येक प्रकार दीर्घकाळ वापरात होता. सॅडल खाच सतराव्या शतकातही होती आणि १९३३ ते १९४२ या काळात सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर या बेकारांसाठीच्या सरकारी रोजगार योजनेतील तरुणांनी उद्यानांत बांधलेल्या विश्रामगृहांतही आहे. ती विश्रामगृहे आता इतकी जुनाट दिसतात की लोक त्यांना बिनदिक्कत पहिल्या वसाहतींच्या काळातली ठरवतात. एकाच घराच्या चार कोपऱ्यांत दोन प्रकारच्या खाचा आढळल्या, तर ते दुरुस्तीचे, वाढीव बांधकामाचे किंवा दोन हातांनी एकाच वेळी केलेल्या कामाचे चिन्ह असू शकते. म्हणून चारही कोपरे स्वतंत्रपणे टिपावेत; एक कोपरा काढून ‘इतर तसेच’ असे लिहू नये.

८. मग वय ठरवायचे कशावरून?

अनेक बारीक खुणांचा ताळा घालून. खिळे उपयोगी पडतात: लोहाराने घडवलेला खिळा साधारणतः अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंतचा, पत्र्यातून यंत्राने कापलेला चौकोनी खिळा १७९० च्या दशकापासून जवळजवळ शतकभर चाललेला, आणि तारेचा गोल खिळा १८८० नंतर रूढ झालेला. फळ्यांवरच्या करवतीच्या खुणाही बोलक्या असतात. पाणचक्कीवरच्या सरळ करवतीच्या खुणा समांतर उभ्या रेषांत उमटतात, तर गोल करवतीच्या खुणा कमानीसारख्या वळतात. ही करवत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सर्वत्र झाली. लाकडाच्या जातीवरूनही मर्यादा कळते. अमेरिकन चेस्टनटवरचा बुरशीजन्य रोग १९०४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये प्रथम लक्षात आला आणि पुढच्या चारएक दशकांत ती झाडे जंगलांतून जवळजवळ नाहीशी झाली, त्यामुळे चेस्टनटचे ओंडके दिसले की नंतरच्या काळाची शक्यता बरीच कमी होते.

अशा खुणा त्या विशिष्ट खिळ्याचे किंवा फळीचे वय सांगतात, घराचे नव्हे. छप्पर दर पिढीला बदलते आणि दारे त्याहून लवकर. भिंतींचे साल हवे असेल तर पुढचा प्रश्न पाहावा.

९. वृक्षवलयांची तपासणी कशी होते? कार्बन-१४ चाचणी करून चालेल का?

कार्बन-१४ चा येथे फारसा उपयोग नाही. साधारण १६५० नंतरच्या लाकडासाठी त्या चाचणीतून एकाच नमुन्याला अनेक शक्य कालखंड निघतात आणि आपल्याला हवे असलेले दशक त्यात हरवून जाते.

वृक्षवलयांवरून थेट वर्ष मिळते. पावसाळी वर्षी वलय रुंद, कोरड्या वर्षी अरुंद. एका प्रदेशातील एकाच जातीच्या झाडांत ही रुंद-अरुंद वलयांची मालिका जुळते. ॲरिझोना विद्यापीठातील ए. ई. डग्लस यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही पद्धत उभी केली. पोकळ गिरमिटाने पेन्सिलीपेक्षा बारीक नमुना काढतात, वलये सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात आणि त्या प्रदेशाच्या प्रमाण मालिकेशी जुळवतात.

सारी मदार सर्वांत बाहेरच्या वलयावर असते. साल जेथे चिकटलेली होती तो पृष्ठभाग शिल्लक असेल, तर झाड कोणत्या वर्षी तोडले हे कळते. शेवटचे वलय पूर्ण झालेले असेल तर झाडाची वाढ थांबलेल्या हंगामात, बहुधा हिवाळ्यात, तोड झाली हेही सांगता येते. रुंद पात्याच्या कुऱ्हाडीने तासताना ओंडक्याच्या आतल्या व बाहेरच्या बाजूंवरून हा थर निघून जातो. पण माथा आणि पोट बऱ्याचदा नैसर्गिक गोलाईत सोडलेले असते, त्यामुळे फटीतले लिंपण सुटलेल्या जागी विजेरीचा तिरपा प्रकाश टाकून पाहावे. तासल्याच्या खुणा जेथे थांबतात आणि पृष्ठभाग एकदम गुळगुळीत होतो, आणि त्यावर सालीखालच्या किड्यांनी कोरलेल्या नागमोडी वाटा दिसतात, ती नमुना घेण्याची जागा. असा पृष्ठभाग मिळाला नाही तर उत्तर ‘अमुक वर्षानंतर केव्हातरी’ एवढेच राहते.

तपासणी तज्ज्ञाकडूनच करून घ्यावी आणि एकाच ओंडक्यावर विसंबू नये. आठ-दहा ओंडक्यांची तोडणीची वर्षे जुळली तर निष्कर्ष पक्का. ओंडके सहसा ओले असतानाच रचत, म्हणून तोडणीचे आणि बांधणीचे साल जवळजवळ असते. जुन्या घराचे ओंडके पुन्हा वापरले असतील तर हे गणित कोलमडते. त्यासाठी प्रश्न १२ पाहावा.

१०. कागदपत्रे कोठे शोधावीत?

सुरुवात काउंटीच्या, म्हणजे तिकडच्या जिल्ह्याच्या, न्यायालयातील खरेदीखतांपासून. आजच्या मालकापासून मागे मागे जात हस्तांतरांची साखळी जुळवायची, आपल्याकडे फेरफार पाहत मागे जातात तशीच. पण खरेदीखत जमिनीचे असते आणि त्यात घराचा उल्लेखही नसू शकतो, त्यामुळे जमीन १७७० मध्ये घेतली म्हणून घर १७७० चे ठरत नाही. कर-याद्यांत एखाद्या वर्षी मूल्य अचानक वाढलेले दिसले तर त्यामागे नवे बांधकाम असू शकते. मृत्यूनंतर केलेल्या मालमत्तेच्या याद्या खोलीवार लिहिलेल्या असतील तर त्या अमूल्य.

पेनसिल्व्हेनियातील घरांसाठी १७९८ च्या संघराज्यीय थेट कराच्या याद्या हा खजिना आहे. त्यांत घराची लांबी-रुंदी, मजले, बांधणीचे साहित्य, खिडक्या आणि काचांची संख्या यांची नोंद करायची होती. काचा मोजायला दारात आलेल्या अधिकाऱ्यांवर जर्मन शेतकऱ्यांच्या बायकांनी गरम पाणी ओतल्याच्या कथा आहेत, आणि त्या असंतोषातून १७९९ मध्ये जॉन फ्राइज यांचे बंड झाले. एक मेख मात्र ध्यानात ठेवावी: घरांची ही सविस्तर यादी १०० डॉलरहून अधिक मूल्याच्या घरांची होती. त्याखालची घरे जमिनींच्या यादीत जात, आणि साध्या केबिन बहुधा तेथेच सापडतात.

पश्चिमेकडील केबिनसाठी १८६२ च्या होमस्टेड कायद्याखालील फायली पाहाव्यात. १६० एकरांवर हक्क मिळवण्यासाठी तेथे पाच वर्षे राहून जमीन कसल्याचे सिद्ध करावे लागे, आणि त्या जबान्यांत घराची मापे, दारे, खिडक्या, विहीर, कुंपण यांची वर्णने येतात. हक्कपत्र ऑनलाइन मिळते. फाईल मात्र नॅशनल आर्काइव्ह्जकडून मागवावी लागते, आणि खरा मजकूर फाईलमध्येच असतो.

११. मालकाचे नाव मिळाले. घराचा इतिहास पूर्ण झाला ना?

मालक आणि रहिवासी एकच असतील असे नाही. दक्षिणेतील अनेक केबिनमध्ये गुलामगिरीत ठेवलेली माणसे राहत होती, आणि खरेदीखतांत त्यांचा पत्ता लागत नाही. १८५० आणि १८६० च्या जनगणनेच्या गुलामविषयक याद्यांत मालकाच्या नावाखाली केवळ वय, लिंग आणि वर्ण नोंदलेले आहेत. १८६० च्या यादीत त्यांच्या राहत्या घरांची संख्या लिहिण्याचा रकाना आहे, आणि ती संख्या आपल्या आवारातील केबिनशी ताडून पाहता येते. गुलामगिरीत जन्मलेले शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १९०१ मधील आत्मकथनात आपली व्हर्जिनियातील केबिन सुमारे १४ × १६ फुटांची, मातीच्या जमिनीची, आणि मधोमध रताळी साठवण्याचा फळ्यांनी झाकलेला खड्डा असलेली अशी वर्णिली आहे. असे खड्डे आजही जमिनीखाली सापडतात, म्हणून केबिनची जमीन स्वतः खणू नये. ते पुरातत्त्वज्ञाचे काम आहे.

जॉर्जिया व लगतच्या भागांत चेरोकी कुटुंबेही ओंडक्यांच्या घरांत राहत. त्यांना पश्चिमेकडे हाकलण्यापूर्वी १८३६-३७ मध्ये त्यांच्या मालमत्तेचे मूल्यांकन झाले आणि त्यात घरांची मापेही लिहिली गेली. त्या भागातील घरावर ‘पहिला गोरा वसाहतवाला’ अशी पाटी लावण्यापूर्वी हे दप्तर अवश्य उघडावे.

१२. आमची केबिन दुसरीकडून आणली आहे असे म्हणतात. ते कसे ओळखावे?

केबिन हलवणे मुळीच दुर्मीळ नव्हते, कारण ती सुटी करून पुन्हा रचता येते. पुढे अध्यक्ष झालेल्या युलिसिस ग्रँट यांनी सेंट लुइसजवळ बांधलेली ‘हार्डस्क्रॅबल’ केबिन १९०४ च्या जागतिक प्रदर्शनात मांडली गेली आणि पुढे दुसऱ्याच जागी उभी राहिली. थिओडोर रूझवेल्ट यांची माल्टीज क्रॉस केबिनही प्रदर्शने फिरून १९५९ मध्ये नॉर्थ डकोटातील मेडोरा येथे परतली.

ओंडक्यांच्या टोकांवर कोरलेले रोमन अंक, रंगाचे आकडे किंवा धातूच्या पट्ट्या शोधाव्यात. शेजारी काहीच बसत नसलेल्या रिकाम्या खाचा, हवामानाने झिजलेली बाजू घराच्या आत वळलेली असणे आणि जुन्या ओंडक्यांखाली काँक्रीटचा नवा पाया या खुणाही बोलतात. हलवलेले घर निरुपयोगी नसते. त्याच्या दोन जागांचे दोन इतिहास वेगळे लिहावेत.

१३. घराण्यात सांगत आलेली हकिकत लिहावी की वगळावी?

लिहावी, कोणी, कोणाकडून ऐकून, केव्हा सांगितली हे नोंदवून आणि पुराव्यापासून वेगळ्या परिच्छेदात. हा भेद न पाळल्याचे उदाहरण केंटकीत होजेनव्हिलजवळ आहे. अब्राहम लिंकन यांचा जन्म १८०९ मध्ये तेथील शेतावर झाला. त्यांची जन्मकेबिन म्हणून ओळखले गेलेले ओंडके १८९७ मध्ये नॅशव्हिलच्या प्रदर्शनात मांडले गेले, आणि तेही यादवी युद्धातील दक्षिणेच्या फुटीर राज्यांचे अध्यक्ष जेफरसन डेव्हिस यांच्या म्हणवल्या जाणाऱ्या केबिनसोबत. पुढच्या प्रवासांत दोन्हींचे ओंडके मिसळले. वास्तुरचनाकार जॉन रसेल पोप यांनी लिंकन यांच्या म्हटल्या जाणाऱ्या केबिनसाठी ग्रॅनाइट व संगमरवराचे मंदिरासारखे स्मारक रचले, त्यात ती मावावी म्हणून ती कापून लहान केली गेली, आणि १९११ मध्ये स्मारकाचे लोकार्पण झाले. २००४ मधील वृक्षवलय तपासणीत सर्वांत जुना ओंडका १८४८ च्या सुमाराचा निघाला. नॅशनल पार्क सर्व्हिस आता तिला ‘प्रतीकात्मक’ जन्मकेबिन म्हणते.

अहवाल लिहिताना हा शब्द आदर्श मानावा. कथेला तिची जागा मिळाली आणि लाकडाचे खरे वय झाकले गेले नाही.

१४. घराचे नूतनीकरण करताना भिंतीतून ओंडके निघाले. साइडिंग (बाहेरून ठोकलेल्या फळ्यांचे आवरण) उतरवून ते उघडे ठेवावेत का?

घाई करू नये. प्रश्न १ मध्ये म्हटल्याप्रमाणे अशी अनेक घरे आरंभापासून फळ्यांखाली राहण्यासाठीच बांधलेली होती, आणि त्या आवरणामुळेच लाकूड टिकले. जुने साइडिंग हासुद्धा घराच्या इतिहासाचा भाग आहे. जेथे दुरुस्ती अटळ आहे तेवढाच भाग उघडून त्याची नोंद करावी आणि पुन्हा झाकावा. ओंडक्यांवर वाळूचा मारा करून ‘मूळ रंग’ आणू नये. तासणीच्या खुणा आणि सालीकडचा थर, म्हणजे प्रश्न ९ मधला सारा पुरावा, त्यात उडून जातो.

१५. फटींत सिमेंट भरलेले आहे. ते मूळचे असेल का?

बहुधा नाही. मूळ पद्धतीत फटीत दगडाच्या चिपा किंवा लाकडाच्या ढलप्या ठासून वर माती, चुना व जनावरांचे केस यांचे लिंपण करत. पोर्टलंड सिमेंट नंतरच्या दुरुस्तीचे. ते लाकडाबरोबर हलत नाही, कडेला भेग पडते, आत शिरलेले पाणी अडकते आणि ओंडक्याचा माथा कुजतो. ते काढण्यापूर्वी प्रत्येक भिंतीवरचा त्याचा विस्तार नकाशावर दाखवावा आणि खाली जुने लिंपण सापडल्यास मूठभर नमुना जागेचा क्रमांक लिहून जपावा.

१६. केबिन पाडणार आहेत. नोंदीमुळे ती वाचेल का?

नोंदीमुळे आपोआप संरक्षण मिळत नाही. नॅशनल रजिस्टरमध्ये, म्हणजे ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत, नाव असले तरी खासगी मालक स्वखर्चाने आपले घर पाडू शकतो, स्थानिक कायदा आड येत नसेल तर. संघराज्याचा निधी किंवा परवाना गुंतलेला असेल तर १९६६ च्या राष्ट्रीय ऐतिहासिक जतन कायद्यानुसार परिणामांचा विचार करावा लागतो, आणि पाडणे टळत नसेल तेव्हा भरपाई म्हणून हॅब्सच्या दर्जाची नोंद करून घेतली जाते. वेळ थोडा असेल तर क्रम असा ठेवावा: चारही कोपऱ्यांची छायाचित्रे व मापे, तळनकाशा, एक उभा छेद आणि मग वृक्षवलयांचे नमुने. पाडकाम सुरू झाल्यावर ओंडक्यांचे छेद मिळवता आले तर तज्ज्ञाला ते गिरमिटाच्या नमुन्यापेक्षा अधिक उपयोगी पडतात, म्हणून ठेकेदाराशी आधीच बोलून ठेवावे.

१७. तयार झालेली नोंद कोणाकडे द्यावी?

एक प्रत घरात, एक काउंटीच्या इतिहास मंडळाकडे आणि एक राज्याच्या ऐतिहासिक वारसा कार्यालयाकडे. हॅब्स आपल्या निकषांत बसणारी नोंद देणगी म्हणून स्वीकारते. वास्तुरचनेच्या विद्यार्थ्यांनी मोजमापांच्या रेखाचित्रांसाठी १९८३ पासून दिल्या जाणाऱ्या चार्ल्स पीटरसन पारितोषिकाची माहिती आपल्या विभागात विचारावी. लहानशी केबिन त्यासाठी सोयीची असते, कारण ती एका सत्रात पूर्ण होते. जागेवरच्या कच्च्या वह्यासुद्धा सोबत द्याव्यात. स्वच्छ रेखाचित्रात एखादे माप चुकले तर ते पडताळण्याचा तोच एक मार्ग उरतो.